आमदारांची इन्क्वायरी

"पहिले आरोप सांगा!" असं म्हणून आमचे शेजारी चष्मा कपाळावर चढवायचे. दूधवाल्याने पाणी घातलं म्हणून मी तणतणत बाहेर आले, की कुंपणापलीकडून हाच प्रश्न. आता दुधात पाणी, यात आणखी काय आरोप सांगायचा? पण नाही. "ताई, रोज घालतो की आजच? त्याला विचारलंत का? नाही ना? मग कसं हो चालेल?"

तुमच्याही कॉलनीत असतील असे एखादे. मी त्यांना भाऊ म्हणायची. मूळचे ग्वाल्हेरचे, मराठीत हिंदी मिसळून बोलायचे. आम्ही सांगलीहून भोपाळला बदलून आलो, तेव्हा कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या क्वार्टरमध्ये पहिला चहा त्यांनीच आणून दिला. वहिनी लवकर गेल्या होत्या, म्हणून चहा त्यांच्या हातचा. फारच गोड.

कारखान्यात त्यांचं मोठं नाव होतं. कोणाला चार्जशीट मिळाली, की इन्क्वायरीत त्याची बाजू मांडायला एक सहकारी लागतो. तो सहकारी म्हणजे भाऊ. माणूस चुकलेला असला तरी ते शेजारी बसायचे. "कसूर केली असेल, पण एकटा का बसेल?" म्हणायचे.

त्यांचे जिवलग मित्र म्हणजे समोरच्या क्वार्टरमधले फोरमनसाहेब, उज्जैनचे. दोघं संध्याकाळी नाक्यावरच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून भांडायचे. भांडण हीच त्यांची करमणूक. वहिनी गेल्यापासून भाऊंच्या घरी बोलायला दुसरं होतं तरी कोण?

आणि मग ती पगारवाढ झाली. कारखान्यातली नव्हे हो, आमदारांची! आमच्या माणसांचा वेतन करार किती काळ लोंबकळत पडला होता. गेटवर बसून झालं, काळ्या फिती लावून झाल्या. आणि तिकडे विधानसभेत एका दुपारी मेजं वाजली आणि आमदारांचे पगार वाढले. त्यात निवडणूक तोंडावर. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवातसुद्धा दुसरा विषय नव्हता. मीच म्हटलं होतं, "या वेळी आपल्या आमदाराला घरी बसवायचा!" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

भाऊंनी मात्र चष्मा वर केला. "पगार घेतला हा आरोप, की काम न करता घेतला हा? पाण्याची लाइन कोणी आणली? त्याला न ऐकता काढायचा?"

पुलियावर फोरमनसाहेब भडकले. चार लोकांत बोलले, "काय खाल्लंस रे त्याच्याकडून?"

ज्या माणसाने दुसऱ्यांच्या नोकऱ्या वाचवताना कोणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही, त्याला हे! भाऊ उठले आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून पुलिया रिकामी. भाऊ संध्याकाळी अंगणात तुळशीला पाणी घालत उभे राहायचे. एवढं पाणी की तुळस पिवळी पडली. मी विचारलं तर म्हणाले, "त्याने येऊन एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं, ताई. त्याने तर निकालच दिला."

मग त्यांनी काय करावं? मंडळाच्या हॉलमध्ये आमदारांची इन्क्वायरी लावली! प्रचाराचे दिवस, त्यामुळे आमदार आलेसुद्धा. आरोप मांडायला भाऊंनी निरोप पाठवला तो फोरमनसाहेबांना. हॉल गच्च भरला. आमदार हात जोडून खुर्चीवर बसले. भाऊ नेहमीप्रमाणे शेजारी. कारखान्यातल्या सवयीने पहिला प्रश्न विचारून बसले, "नाव? टोकन नंबर?"

हॉलभर हशा पिकला. आमदारही हसले. फोरमनसाहेबांनी ओठ आवळले, पण मिशी हलली, मी पाहिली ना!

मग सुरू झालं. पाण्याची लाइन, दवाखान्याचा रस्ता, भाऊंनी सगळं मांडलं. फोरमनसाहेबांनी एकच विचारलं, "पगारवाढीच्या दिवशी आपण काय केलंत?"

आमदार म्हणाले, "सबने मेज़ थपथपाई, तो हमने भी थपथपा दी।"

भाऊ म्हणाले, "पगारवाढ कोणाला नको असते? मागणाऱ्याला नोकरीवरून काढायचं, तर उद्या आपल्या कारखान्यात कोण उरेल?"

"आपण मागतो रे!" फोरमनसाहेब म्हणाले. "देणारा दुसरा असतो. यांनी मागितलं पण स्वतःच आणि दिलं पण स्वतःच."

"याला काढलास तर नवा येऊन तेच करेल."

"करू दे. पण मेजावर हात ठेवताना त्याला आधीचा आठवेल."

भाऊंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मला तर वाटलं, आता हे उठून जाणार आणि ही दोन घरं कायमची तुटणार. भाऊंनी आमदारांकडे पाहिलं, म्हणाले, "साहेब, मी तुमच्या बाजूने बसलोय, बसूनच राहीन. पण याचं उत्तर माझ्याकडे नाही." आणि हॉलकडे वळले, "आरोप खरा आहे. सजा किती, ते ज्याचं त्याने मतदानाच्या मशीनपुढे ठरवावं."

फोरमनसाहेब उठून आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तू काही खाल्लं नाहीस. मी बोलायला नको होतं." आणि लगेच, "पण हरलास!"

"हरलो कुठे? सजा अजून बाकी आहे!"

दोघं ओरडत ओरडतच हॉलबाहेर पडले. मी खुर्च्या रचत होते, ती त्यातल्याच एका खुर्चीवर मटकन बसले. किती दिवसांनी ते भांडण कानावर पडलं म्हणून सांगू! आमदार निवडून आले, पण काठावर. माझं मत काय झालं ते मी आमच्या यांनाही सांगितलेलं नाही.

रिटायर झाल्यावर भाऊंना क्वार्टर सोडावं लागलं. मुलाकडे ग्वाल्हेरला निघाले. ट्रक भरला, आम्ही बायका डोळे पुसत होतो. इतक्यात फोरमनसाहेब ड्रायव्हरशेजारी चढून बसले. "सामान उतरवून येतो," म्हणाले.

पंधरा दिवस झाले तरी पत्ता नाही. शेवटी त्यांची बायको माझ्या दारात आली. "अहो, तुमच्या भावाला जरा फोन लावा. म्हणावं, आमचं माणूस परत पाठवा."

मी लावला. पलीकडे कोणी हॅलोसुद्धा म्हणेना. फोन उचलून तसाच ठेवला होता कुठेतरी, आणि मागे दोघांचा आवाज चढलेला. आम्ही दोघी रिसीव्हरला कान लावून ऐकत राहिलो.