भिंतीवर नको

शहापूरच्या फ्रेमवाल्या काकांनी त्या दिवशी मला सावरलं, हे आधी सांगतो.

आठवीत शाळा सोडून मी साताऱ्याकडून राज्याच्या पूर्व टोकाला, इथल्या ढाब्यावर कामाला आलो. सीमेवर लढाई पेटली होती आणि फौजेतल्या दादाचा फोन लागत नव्हता. नुसता जीव टांगणीला! आणि त्या सकाळी मोबाइलवर त्याचा ताजा फोटो आला. खंदकात ताटली मांडीवर घेऊन दादा हसत होता! फोटो छापून घेऊन मी धावतच काकांकडे गेलो.

काका फोटोतल्या माणसांशी बोलतात. काच पुसताना "मान सरळ ठेव भाऊ" म्हणतात. वर्दीतला माणूस दिसताच त्यांनी सवयीने फ्रेम उचलली आणि विचारलं, "हाराले खिळे ठोकू ना?"

मी फोटो झटकन मागे ओढला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा नीट करून फोटोकडे. आणि शेजारच्या चहाटपरीपर्यंत ऐकू जाईल असं एकदम ओरडले, "अबे, हा तं जेवून राहिला! ओ चायवाले, या, पाहा आपला पोट्टा कसा हासून राहिला!"

हातातली फ्रेम त्यांनी बाजूला टाकली. दुसरी घेतली, तिला मागून टेकू लावला.

"भिंतीवर नको टांगू. भिंतीवर दिसला का लोक हार आनतेत. टेबलावर ठेव, अन् याच्यासंग जेवत जा."

मी रोज तसाच जेवतो. काका, तुमचे उपकार मी फेडीन. दादा सुट्टीवर आला की त्याला तुमच्या दुकानात आणीन, आणि आम्हा दोघांच्या मध्ये तुम्हाला बसवून फोटो काढीन.