चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

चिंच भिजत घातली की मला अमेरिकेतलं, नोव्हायमधलं आमचं गॅरेज आठवतं. शेजारचे काका आणि मी, दोघांच्या रायफली सारख्याच. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा दारू-गोळीनं भरण्याआधी नुसती मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, आवळायची की अख्खी पुंगळी मापात आणायची, यावर आमचं जुंपलं होतं. नुसती मान आवळलेली पुंगळी जिच्यातून उडाली त्याच रायफलीत नीट बसते, म्हणून ढीग वेगळे ठेवलेले. तेवढ्यात पुण्याहून आलेल्या आईनं "पितळ असं काळं ठेवतात होय रे?" म्हणत दोन्ही ढीग एकाच परातीत चिंचेनं घासून लखलखीत केले. कुणाची कुठली, कळेना! काका खदखदून हसले, "वहिनी, भांडणच मिटवलंत!" मग कुणाच्याही रायफलीत बसाव्यात म्हणून सगळ्याच अख्ख्या मापात आणल्या आणि रविवारी नेमबाजीच्या रेंजवर दोघांच्याही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत लागल्या. अजूनही बायको विचारते, "चिंच आमटीला, की बंदुकीला?"