डोळे मिटून शोधलेली जागा

अगं सुमे, जरा जवळ ये, कान धरायचाय तुझा. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तर भेटायला यायचं सोडून फोनवर रेकॉर्डिंग पाठवतात का गं? त्यातली बाई गोड आवाजात सांगते, डोळे मिटा, श्वास सावकाश सोडा, आवडत्या जागी निवांत बसा, दुखणं हलकं होईल. श्वासापर्यंत जमलं, टाक्यांची ओढही जरा कमी झाली. पण निवांत बसायची जागा कुठून आणू? माहेरच्या अंगणात गेले, तर सारवणाचं शेण कालवून ठेवलेलं. नदीवर गेले, तर धुण्याचं बोचकं माझ्याआधी येऊन बसलेलं. ते उचलायला मनातच वाकले आणि इथे खरी कळ आली.

नर्सला हे सांगितलं, तर ती हसली, "आजी, तिथं तरी काम करू नका!"

उभ्या जन्मात मला नुसतं बसलेलं कुणी पाहिलंय? मीसुद्धा नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस तिची लेक विंचरत होती. बघत राहिले. मग डोळे मिटले, तर मी तुझ्या गॅलरीत बसलेय आणि तू माझे केस विंचरतेस. कळ उतरली गं. डोळे उघडले, तर खाटेजवळचं स्टूल रिकामंच.

ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलंय. तू ये लवकर. फणी उशाशीच ठेवलीय.