कुठं उभी हायेस गो, वैशू?

एंटर दाबला आणि पडद्यावरच्या ओळी थांबेचनात. दिनकरकाकांचा एकच फोल्डर माझ्या नावावर करायचा होता, एवढंच काम, आणि मी उभी होती पार वरच्या पायरीवर, जिथून अख्खा सर्वर, दवाखान्याचा मोठा कंप्युटर, खाली पसरतो... तिथून मी हुकूम सोडला, इथलं सगळं वैशालीचं. मशीननं ऐकलं. थांबवलं तवर झालं होतं. बाहेर बाकावर पेशंट, आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज, "वैशाली, केसपेपर उघडत नाही गं!", माझी दोन वर्षांची पोर टेबलाखाली बिस्कीट खातेय, आणि माझा हात गेला फोनवर. काकांचाच नंबर लागला. काकींनी उचलला. "वैशू? ...ते नायत ना गो आता." "माहीत हाय काकी, चुकून लागला." मंग बोलल्या, "जेवलीस का?" सकाळचे अकरा पण नव्हते वाजले. मी बोलली, हो.

काकांना जाऊन महिना होत आला. मुरबाडला कारखान्यात कंप्युटर सांभाळून रिटायर झालेले, दर शनवारी किन्हवलीवरून एसटीनं शहापूरला आमच्या दवाखान्यात यायचे, सर्वर बघायला. मी सापगावची, नववी नापास, झाडू मारायला लागलेली. एकदा बोलले, "लादी चकचकीत करतेस, हे पण पुसशील का?" आणि कीबोर्डसमोर बसवलं. मला फाइलींची मालकी कळायची नाय. मंग बोलले, "सासूचा हंडा, नवऱ्याची गाडी, तुझी पेटी. उद्या सगळं तुझ्या नावावर केलं तर सासू पाण्याला हात लावील का? रुसून बसंल. परोगराम पण तसेच रुसतात." मी हसली, सासूला नाय सांगितलं. त्यांची एकच सवय, मी एंटर दाबायच्या आधी चष्मा कपाळावर सारून विचारायचे, "कुठं उभी हायेस गो?" मंग मी मशीनला विचारायची, मी कुठल्या फोल्डरात हाय, ती जागा दाखवायची, ते मान हलवायचे, तवाच दाबायचं. त्या दिवशी विचारायला कोण नव्हतं...

आता सगळ्यावर हुकूम चालणारं मुख्य लॉगिन पडद्यावरच्या ज्या खिडकीत उघडं होतं ती खिडकी बंद झाली की परत आत जायची वाट नाय, आत घेणारे परोगराम पण रुसलेले, एवढं मला आठवत होतं. काका बोललेले, घर पेटलं तरी उघडी खिडकी लावायची नाय. पोरीला बोलली, वायरला हात लावशील तर बघ. नोकरी गेली तर हिला घेऊन जाऊ कुठं, हेच डोक्यात. आणि मंग आठवली शनवारची यादी. निघायच्या आधी काका एक हुकूम द्यायचे, मशीन प्रत्येक फाइलचा मालक लिहून ठेवायची, नावानं नाय, नंबरानं. मी हसायची, "काका, कोण चोरतंय?" "चोर नाय गो, आपलेच हात." शेवटच्या शनवारी खोकत होते, तरी केली होती. ती यादी शोधली, यादीवरून परत द्यायचा हुकूम माझ्या वहीत त्यांच्याच अक्षरात होता, एक एक अक्षर बोटानं लावून टाइप केला, जागा तीनदा बघितली, दाबला... मशीन यादी वाचत गेली आणि ज्याचं त्याला परत देत गेली. यादीनंतरचे केसपेपर मी हातानं केले, एक फोल्डर, एक फोल्डर. मंग मशीन बंद करून चालू केली. आतून आवाज आला, "उघडलं गं!" मी खाली बसून पोरीला धरली, ती बोलली, "आई, लडू नको."

मंग बघितलं, काकांचा फोल्डर पण परत त्यांचाच झालेला. त्यांचं खातं डॉक्टरीणबाईंनी काढून टाकलंय, म्हणून मालकाच्या जागी नाव येत नाय, नुसता नंबर येतो, १००४. अख्ख्या दवाखान्यात काकांचं तेवढंच राह्यलंय. त्यांची खुर्ची पण आता औषधवाल्या बाईंकडे गेली.

दुपारी डॉक्टरीणबाई माझ्याकडं आल्या. मी खरं सांगितलं, काय झालं ते. रागावल्या नायत. बोलल्या, "निस्तरलंस ना? मग काकांचं काम आता तुझंच. तेवढा त्यांचा फोल्डर नावावर करून घे, म्हणजे तुला कायम करते." मी बोलली, करते.

बरोबर जागेवर उभी हाय. हुकूम टाइप केलाय, माझं नाव, त्यांचा फोल्डर. पोर झोपलीय मांडीवर. चारदा विचारलं मशीनला, कुठं उभी हाय, चारदा तिनं बरोबर सांगितलं. एंटर दाबला की १००४ जाईल, माझं नाव येईल, पोरीचं भलं होईल. नाय दाबला तर...

तुमी काय केलं असतं?