बिलाचं सुतक

दिल्लीतली लोकसभा मोडली म्हणून सुतक धरणारा माणूस अख्ख्या देशात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा होता. हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या खेड्यातले हे काका. निवडणुकीत कोण जिंकलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. गाव गुलालात न्हात असताना हे रेडिओला कान लावून बसत आणि कोणी पेढा पुढे केला की म्हणत, "पेढा ऱ्हाऊ दे, आपल्या बिलाचं काय झालं ते सांग." लोकसभा विसर्जित झाली की तिथं अडकलेली बिलं, म्हणजे पास व्हायचे राहिलेले कायदे, मरतात, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्या वर्षांत दिल्लीची सरकारं अशी पटापट पडत की काकांच्या गालाला वस्तरा लागायला उसंत मिळेना. दाढी बंद, गोड बंद, देव्हाऱ्याला हात लावणं बंद. मत मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी ओट्यावर बसवून विचारलं, "तुमी निवडून गेले अन् सभा मधीच मोडली, तर बिलाची जिम्मेदारी कोनाची?" त्याने चहा अर्धा टाकून पुढचं घर गाठलं.

काकांचा सगळ्यात जास्त जीव होता तो लोकसभेत बायकांना जागा राखून ठेवण्याच्या बिलावर. पंचायतीत बायकांना जागा राखीव झाल्या आणि मावशी सरपंच झाली. काकांनी तिच्या कारभारात कधी नाक खुपसलं नाही. "गाव तुमचं, दिल्ली माझी," अशी वाटणीच करून टाकली होती. वरच्या आळीला नळ आला, तेव्हा मला म्हणाले, "एकटी बाई इथं एवढं करून राहिली. दिल्लीत बाया गेल्या तर काय करतील, बघ."

नव्याण्णव साली ऐन लग्नसराईत लोकसभा मोडली आणि ते बिल दुसऱ्यांदा गेलं. थोरल्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. काकांनी जाहीर केलं, "सुतकात कन्यादान होत न्हाई." आधी सगळे हसले. मग कळलं, हा माणूस खरंच बोलतोय. पोरगी आतल्या खोलीत रडत बसली. मीही काकांवर पहिल्यांदाच चिडलो. एवढ्यात मावशी पंचायतीतून आली आणि पदर खोचून त्यांच्यासमोर बसली.

"ते बिल पास झालं व्हतं का?"

"न्हाई."

"मंग कायदा म्हनून त्याचं नाव पडलं का?"

"कसं पडंल?"

"मंग बारशाआधी गेलेल्या लेकराचं सुतक आपल्यात किती धरत्यात? आंघोळीपुरतं. उठा, पानी तापलंय."

काकांनी उठून खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "सरपंचाचं बराबर हाय." मोरीतून पाण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढे काही वर्षांनी तेच बिल राज्यसभेत मांडलं गेलं. काका सकाळीच हिंगोलीला माझ्या दारात हजर, हातात पेढे. "ते वरचं घर कधी मोडतच न्हाई. तिथलं बिल मरत न्हाई." पुढच्या निवडणुकीला लोकसभा गेली, पण काकांनी झकास दाढी केली आणि शिरा मागून घेतला. "सुटलो," म्हणाले. "आता मी गेलो तरी ते राहतंय. तेच माझं सुतक धरंल."

त्याच वर्षी हिवाळ्यात काका गेले. आम्ही सगळं रीतीप्रमाणे पाळलं. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मावशीने मला जवळ बोलावलं.

"ते दिल्लीतलं अजून जितं हाय का रे?"

"आहे, मावशी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि काकांचा रेडिओ पदराने पुसू लागली.