जावेची रविवारची वेळ

नवसाबाईला स्वतःचं नाव कधीच आवडलं नाही. नांदगावकडच्या एका खेड्यात, लग्नानंतर अकरा वर्षांनी आईबापाला झालेली लेक, नवसाची म्हणून नवसाबाई. गावात त्या नावाचं कौतुक होतं. लग्न होऊन नाशिक रोडला आल्यावर मात्र बँकेत कुणी तिचं नाव पुकारलं की रांगेतल्या बाया वळून बघायच्या. त्यात धाकट्या दिराला बायको मिळाली ती मोहिनी नावाची. पत्रिकेवर ते नाव वाचलं तेव्हाच नवसाबाईला काहीतरी बारीक खुपलं होतं.

जेलरोडला दोघा भावांचं मिळून दुमजली घर होतं. खाली नवसाबाई आणि पुंजाराम, वर दिनेश आणि मोहिनी. पुंजाराम नोटांच्या छापखान्यात कामाला. तिथलं काही बाहेर बोलायचं नाही, अशी शिस्त अंगात इतकी मुरलेली की माणूस घरातही बोलायचा नाही. 'जेवायला वाढ', 'पाणी आलं का', 'निघतो' आणि 'आलो', एवढ्यावर बावीस वर्षं निघाली होती. नवसाबाई मात्र शेजारणींना अभिमानाने सांगायची, "आमच्यात आजवर भांडण ठाऊक नाय. लोकांची घरं बघा जरा." बोलताना डोळे वरच्या मजल्याकडे जायचे.

कारण वर रोज संध्याकाळी जुंपायची. दिनेश कंपनीतून आला की अर्ध्या तासात मोहिनीचा आवाज चढायचा. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे आवाजही खणखणीत. भांडी आपटायची, दार धाडकन लागायचं. खाली नवसाबाई भाजी निवडत ऐकत बसायची. तिला त्यात एक गोड समाधान होतं, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं.

२००३च्या उन्हाळ्यात ते भांडण कमी कमी होत गेलं आणि श्रावणापर्यंत बंदच पडलं. त्याच्या जागी वरून हसण्याचे आवाज येऊ लागले. दिनेश मोहिनीच्या हातातली पिशवी घेऊ लागला. दर शनिवारी संध्याकाळी दोघं स्कूटरवर बसून कुठेतरी जायचे. परत यायचे तेव्हा मोहिनीचा हात दिनेशच्या खांद्यावर असायचा. नवसाबाई ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघायची आणि तिच्या हातातलं काम थांबायचं. कुठे जाता, असं विचारलं तर मोहिनी नुसती हसून म्हणायची, "असंच हो ताई, जरा बाहेर."

एका शुक्रवारी दुपारी फोन वाजला. वरच्या मजल्यावर फोन नव्हता, त्यांचे फोन खालीच यायचे. पलीकडे एक तरुण मुलगी होती. "मोहिनी आणि दिनेश यांना निरोप द्याल का? उद्याची वेळ बदलली आहे. रविवारी सकाळी अकराला या म्हणावं. सोनवणेबाईंच्या समुपदेशन केंद्रातून बोलतेय."

"कशाच्या?"

"समुपदेशन. म्हणजे नवराबायकोत पटेनासं झालं की बाई दोघांना समोर बसवून ऐकून घेतात."

नवसाबाईच्या कानशिलात काहीतरी तापलं. म्हणजे ही असली हसणी अशी तिथून मिळतात तर! ती अगदी सहज आवाजात म्हणाली, "पत्ता सांगून ठेवा बरं. त्यांच्या काही ध्यानात राहत नाय."

मुलगीही नवी असावी. तिने गंगापूर रोडवरचा पत्ता सगळा नीट सांगितला. नवसाबाईने तो कॅलेंडरच्या मागे लिहिला, आणि निरोप दिलाच नाही.

शनिवारी ती दोघं नेहमीसारखी निघाली. बंद दारावरून परत येतील, चिडतील, आज पुन्हा वर भांडी वाजतील, या आशेवर नवसाबाई कान लावून बसली. सात वाजता स्कूटर आली ती खिदळतच. मोहिनी आत डोकावली. "ताई, आज आमचं काम काही झालं नाही. मग सोमेश्वरला जाऊन कणसं खाल्ली. तुम्हा दोघांना दोन आणलीत, गरम आहेत तोवर घ्या."

नवसाबाईने ती कणसं ओट्यावर ठेवली. पुंजारामने एक खाल्लं. दुसऱ्याला तिने हात लावला नाही. पार वाळून गेल्यावर तिने ते गाईला घातलं.

रविवारी सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "तुमचा गुडघा दाखवायचाय. गंगापूर रोडला एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत म्हणे." पुंजारामने शर्ट बदलला. कोण डॉक्टरीण, कुणी सांगितलं, असं काहीही त्याने विचारलं नाही. दोन बस बदलून ती दोघं पोचली. दारात ती फोनवाली मुलगी वही घेऊन उभी होती.

"मोहिनी आणि दिनेश ना?"

"हो," नवसाबाई म्हणाली.

पुंजारामने तिच्याकडे पाहिलं. मग तो तिच्यामागून आत गेला.

आत वेताच्या चार खुर्च्या होत्या. सोनवणेबाई साठीच्या आसपासच्या, जाड भिंगांचा चष्मा घातलेल्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुम्ही मोहिनी नाही."

"मी तिची जाऊ. थोरली."

"आणि निरोप?"

"नाय दिला."

बाई रागावतील, उठून जा म्हणतील, असं नवसाबाईला वाटलं होतं. बाईंनी फक्त विचारलं, "का?"

त्या एका शब्दाने तिचं उसनं अवसान गळालं. "जळते मी तिच्यावर," ती म्हणाली. "नावापासून जळते. आधी ती भांडायची तेव्हा बरं वाटायचं. आता हसते तर मला घास गिळत नाय. हे माझे मालक, बावीस वर्षं झाली, माझ्याशी कधी भांडले नाय. हसले बी नाय. मला वाटलं, जे तिला हितं मिळतं ते मला का नको?"

बोलता बोलता ती रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं आणि मग पुंजारामकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"मला तर गुडघ्याचं सांगून आणलं," पुंजाराम म्हणाला.

"ते झालंच. दुसरं काही?"

तो म्हणाला, "वर ती दोघं हसाय लागली की मी बातम्यांचा आवाज मोठा करतो. हिला ऐकू जाऊ नये म्हणून. हिला वाईट वाटत आसंल, असं मला वाटायचं." मग त्याने पुढे जोडलं, "मला बी वाटतंच."

नवसाबाई रडायची थांबली. टीव्हीच्या त्या मोठ्या आवाजावरून ती मनात त्याला रोज शिव्या घालत आली होती.

सोनवणेबाई सौम्यपणे, पण स्पष्ट बोलल्या. "तुम्हाला मी घेऊ शकत नाही. एकाच घरातली दोन जोडपी माझ्यापुढे बसली तर कुणालाच मोकळं बोलता येणार नाही. शिवाय आज तुम्ही दुसऱ्याच्या वेळेत शिरलात. आधी घरी जाऊन मोहिनीला खरं सांगा. मग तुमच्यासाठी सांगते, यादव म्हणून आहेत. मंगळवारी संध्याकाळी बसतात, तुमच्याच नाशिक रोडला."

दोन बस बदलून इथवर आलो आणि माणूस आपल्या दाराशीच होता, हे ऐकून पुंजारामच्या मिशा किंचित हलल्या.

मोहिनीला सांगणं सोपं गेलं नाही. नवसाबाई जिना चढून वर गेली आणि दारातच उभं राहून तिने सगळं सांगून टाकलं. निरोप दडवला याचा मोहिनीला राग होताच, पण तिला लागलं होतं ते वेगळंच.

"ताई, या घरातलं कुणीही नाही अशी माझी एवढी एकच जागा होती," ती म्हणाली. "तिथंही तुम्ही येऊन बसलात."

तिने दार लावून घेतलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत ती नवसाबाईशी बोलली नाही. दिनेश कामापुरता 'वहिनी' म्हणायचा, तेवढंच. फराळाचं ताट वर गेलं ते रिकामं होऊन परत आलं, त्यात वरच्यांचा फराळ काहीच नव्हता. हे नवसाबाईने सोसलं. चूक आपली आहे, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

यादव तसे साधे गृहस्थ होते. पहिले दोन मंगळवार पुंजाराम नुसता बसून आला. तिसऱ्या मंगळवारी नवसाबाई चिडून म्हणाली, "ह्यांना पाहिल्यापासून मुकेच बघितलेत मी." त्यावर पुंजाराम एकदम उसळला. "पहिल्यापासून नाय! तू आलीस त्या साली मी रोज बोलायचो. एकदा साहेबानं मला शाबासकी दिली, ते सांगत सांगत घरात शिरलो. तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, मला काय कळतंय त्यातलं, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. ठेवलं मग."

नवसाबाईला ते वाक्य आठवेना. पण आपण ते कशासाठी म्हटलं असेल, हे तिला लगेच कळलं. चौथी शिकलेली, नुकती खेड्यातून आलेली पोर. साहेब, मशीन, खातं, असले शब्द ऐकून ती घाबरायची. आपलं अडाणीपण उघडं पडू नये म्हणून तिने ते बोलणं तोडलं असणार. "मला लाज वाटायची हो," ती म्हणाली. "मी तुम्हाला गप बसा नव्हतं म्हटलं."

त्या दिवशी घरी परतताना बिटको चौकात, लोकांच्या देखत, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बावीस वर्षांपैकी निम्मी तरी तुझ्यामुळे वाया गेली, असं दोघांनीही एकमेकांना ऐकवलं. घरी येऊन ती उपाशीच झोपली. सकाळी उठली तर पुंजारामने चहा करून ठेवलेला, भयंकर गोड. तिने तो नावं ठेवत ठेवत पूर्ण प्यायला.

पाच-सहा महिने ती दोघं यादवांकडे जात राहिली. वरच्या जोडप्यासारखी ती कधी झाली नाहीत. पुंजारामने तिची पिशवी धरली नाही की तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण जेवताना तो बोलू लागला, अडखळत, कधी तीच गोष्ट दोनदा. मोहिनीचा राग हळूहळू उतरला. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन खाली आली, दारातूनच देऊन गेली. पुढच्या संक्रांतीला आत येऊन बसली.

नवसाबाईचा मत्सर मात्र पुरता गेला नाही. फक्त आता ती तो बोलून दाखवायची. दोन वर्षांनी मोहिनीने केस कापले. मानेपर्यंतच्या केसांत ती दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. त्या संध्याकाळी नवसाबाई मेथी निवडायला बसली आणि म्हणाली, "आज मी लय जळाले."

पुंजारामने टीव्ही बंद केला. "आज कशावरून?"

तिने सगळं सांगितलं. मोहिनीचे केस, तिचं ते मान वळवून बघणं, शेजारणींनी केलेलं कौतुक. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मग तू बी काप."

"या वयात? लोकं काय म्हणतील!"

"मला इचारलंस म्हणून सांगितलं."

"मी कुठं इचारलं? मी नुसतं सांगत होते!"

मेथी निवडून झाली, भाकरी झाल्या, तरी दोघं त्यावरच वाद घालत होती.