मानेचं गाऱ्हाणं

कबड्डी सोडून मला आता वर्ष होईल. लोक अजून विचारतात, वाईट नाही का वाटत? मी काहीतरी हळवं बोलेन अशी त्यांची अपेक्षा असते. खरं सांगायचं तर मला इतकं सुटल्यासारखं वाटतं की कधीकधी माझीच मला लाज वाटते. सकाळी उठून मान डावीकडे वळवावी, उजवीकडे वळवावी आणि कुठेही कळ येऊ नये, हे सुख ज्याची मान धड आहे त्याला कळायचं नाही.

सात हंगाम मी लीगमध्ये चढाया केल्या, त्यातले शेवटचे चार कर्णधार म्हणून. उंची बेताची, वजन त्याहून बेताचं. समोर सात आडदांड गडी आणि मी एकटा. टीव्हीवाले मला ‘कोकणचं वादळ’ म्हणायचे. आमच्याकडे वादळ आलं की होड्या फुटतात, त्यामुळे मासेमारी करणाऱ्या आमच्या घरात हे नाव कुणालाच आवडलं नाही. बाबा म्हणाले, “दुसरा काय नाव गावला नाय ह्यांका?” पण माझा सामना लागला की अख्खी वाडी आमच्या ओसरीवर जमायची आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज बाबांचाच असायचा.

आमच्या संघाचा फिजिओ परदेशी होता, रग्बी लीगमधून आलेला. मला म्हणायचा, तू आमच्याकडे असतास तर हाफबॅक झाला असतास. तो कोण म्हणून विचारलं, तर बहुतेक वेळा संघातला लहानखुरा माणूस. चेंडू कुठे जायचा, कोणी कधी धावायचं ते तो ठरवतो, आणि म्हणूनच समोरचे धिप्पाड गडी त्याला शोधून शोधून आपटतात. म्हटलं, म्हणजे देश बदलला तरी भोग तेच. माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होतात हे पहिल्यांदा त्यानंच हेरलं. सरावात मी पाण्याची बाटली दोनदा पाडली होती.

हंगाम संपल्यावर, नवे बूट आणायला जातो असं घरी सांगून मी फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी मानेच्या एमआरआयचा फोटो समोर धरला. मानेतली चकती सरकून नसेवर बसली होती. जपलंस तर आयुष्यभर काही होणार नाही, ते म्हणाले, पण आणखी एकदा तसा आपटलास तर हाताचं काही खरं नाही, कदाचित पायांचंही. घाट उतरताना मी प्रत्येक वळण म्हाताऱ्यासारखं घेतलं. घरी पोचल्यावर लक्षात आलं की बूट राहिलेच. माझ्या मापाचे नव्हते, असं सांगितलं.

चार दिवसांनी संघाच्या मॅनेजरचा फोन आला. लिलावात नाव ठेवायचं की नाही, ते सोमवारपर्यंत कळव. त्याला नाही म्हणणं सोपं होतं. बाबांना सांगायचं कसं, याच्यापुढे माझी बुद्धी चालेना. पकड कशी करायची, पकडीतून निसटायचं कसं, सगळं त्यांनीच मला किनाऱ्यावरच्या वाळूत शिकवलेलं. माझा खेळ हेच त्यांचं जगणं, असं मी धरून चाललो होतो.

दरवर्षी लिलावाआधी बाबा ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचे. नारळ ठेवायचा, गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, आपल्या वतीनं देवाला एकेक मागणं ठणकावून सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. दरवर्षीची मागणी ठरलेली: पायांत बळ दे, हातात जोर दे, दम टिकू दे. देवानं सगळं दिलं. मानेचं कुणी मागितलंच नव्हतं, त्यात त्याचा काय दोष?

त्या रविवारीही आम्ही गेलो. वाडीतली दहा-पंधरा माणसं होती. म्हातारे गावकर सुरू झाले.

“बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला असा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या वाटेत काय वाकडा-तिकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आजपर्यंत जसो खेळवलंस तसोच आणखी धा वर्सा खेळव रे म्हाराजा!”

माणसांशी खोटं बोलून झालं होतं, देवासमोर जीभ रेटेना. मी तोंड मिटून उभा राहिलो. बाकीच्यांचं ‘व्हय म्हाराजा’ आलं, पण पडेल आलं. मी बाजूला पाहिलं. बाबा हात जोडून उभे होते आणि त्यांचेही ओठ मिटलेले होते.

गावकर बाबांकडे वळले. “काय रे, घसो बसलो तुझो?”

“ता मागू नको,” बाबा म्हणाले. “दुसरा माग.”

“दुसरा काय मागू?”

“म्हण, खेळ आता पुरे झालो. माझो झील जसो आसा तसो माका परत दी.”

गावकरांनी माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि नव्यानं सुरुवात केली. त्यांचं वाक्य संपायच्या आतच मी ‘व्हय म्हाराजा’ ओरडलो.

“मेल्या, माका पुरा तरी करूंदे!” ते म्हणाले, आणि सगळे हसले.

सोमवारची वाट न बघता मी देवळाबाहेरूनच मॅनेजरला फोन केला. दोन मिनिटंही लागली नाहीत. आता मला रडू येईल असं वाटलं होतं, पण लागली ती सडकून भूक.

घरी जाताना बाबांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

“बूट हाडूक गेलंस आणि बुटाशिवाय इलंस. चायचो कोप डाव्या हातान धरतंस. मी काय आंधळो?”

मग आधी का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

“तुका खेळूचा होता. माझा भय तुझ्या गळ्यात कित्याक बांधू? तू रेषेपलीकडे गेलंस की माझे डोळे बंद. तुझी आवस सांगता, ‘इलो’, मगेच उघडतंय. तुझी एकव चढाई मी बघूक नाय.”

म्हणजे मी परत आलो असं आईनं सांगेपर्यंत डोळे बंदच. सात हंगाम मी ज्यांच्यासाठी छाती काढून पळत होतो, ते डोळे मिटून नुसते ओरडत होते.

बाबा थांबले. माझा उजवा हात हातात घेऊन त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं.

“खरा सांग. दुखता?”

“दुखता,” मी म्हटलं. हा शब्द मी त्यांच्यापुढे कधी उच्चारलाच नव्हता. “खूप दुखता, बाबा.”

घर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. वाडीतली माणसं बघत होती. बघोत.